रुपरावजींवर चार शब्द

चितेला अग्नी दिला की घाटावर शोकसभा भरते आणि शोकसभा म्हटली की सक्करदऱ्यात शालिकराम मास्तराला पुढे करत. एक वेळ लाकडं ओली चालतील पण मास्तर पाहिजे, असं लोक म्हणतात, असा निदान त्याचा स्वतःचा समज होता. ‘दिवंगत’, ‘अपरिमित हानी’ आणि ‘न भरून निघणारी पोकळी’ एवढ्या भांडवलावर त्याने आजवर शेजारपाजारच्या सगळ्यांना स्वर्गात पोचवलं होतं. त्याच्या भाषणांतल्या पोकळ्या खऱ्या धरल्या, तर सक्करदऱ्यात पाय ठेवायला जागा उरली नसती.

एकोणऐंशी सालच्या मे महिन्यात त्याचे सासरे गेले. रुपरावजी फौजेतले हवालदार. ब्रह्मदेशच्या लढाईत ट्रक चालवायचे. कोणी शौर्याचं विचारलं की म्हणत, “म्या काही लढाई नाई केली गा. लढनाऱ्याईले पोचवून देल्लं, न् जे उरले त्याईले परत आनलं.” शालिकरामचा बाप लहानपणीच वारलेला. टायफॉइडने शालिकराम महिनाभर मेडिकलच्या दवाखान्यात पडला, तेव्हा हा सासरा भर उन्हात सायकलवर पेजेचा डबा घेऊन रोज यायचा आणि तो पेज संपवेपर्यंत पलंगापासून हलायचा नाही. शालिकरामचा त्यांच्यावर फार जीव होता. ऐऱ्यागैऱ्यांवर आपण तासतास बोललो आणि या माणसावर नीट बोलता आलं नाही, तर सगळं बोलणं पाण्यात गेलं, हे त्याला सकाळपासून वाटत होतं.

अडचण एकच होती. भाषण तयार होतं, पण ते रुपरावजींचं नव्हतं. त्यांचे दोस्त बळीरामजी दोन वर्षांपासून खोकत होते. आयत्या वेळी धांदल नको, म्हणून मास्तराने त्यांचं भाषण पाठ करून ठेवलं होतं. रुपरावजी ठणठणीत होते, त्यामुळे त्यांच्याबाबतीत त्याने ही दूरदृष्टी दाखवली नव्हती.

घाटावर कडुनिंबाखाली माणसं डोक्यावर ओले दुपट्टे घेऊन बसली. शालिकराम उभा राहिला, घसा साफ केला आणि जिभेने सवयीची वाट धरली.

“आज बळीरामजींच्या जाण्याने सक्करदऱ्यात जी पोकळी...”

“जवाईबापू,” पुढच्याच पायरीवरून काठी टेकत बळीरामजी म्हणाले, “मी अजून बसून आहो. घाई काहून करता?”

माणसं हसली. रुपरावजींचे सख्खे भाऊ दुपट्ट्यात तोंड लपवून हसले. आता घाटावर आलोच आहोत, तर आपणही त्याच लाकडांवर आडवं व्हावं, म्हणजे दुसरी खेप नको, असं शालिकरामला वाटलं. त्याने ‘रणांगणावर’ म्हणून पुन्हा सुरुवात केली आणि थांबला. पुढचं काही आठवेना. छापील मराठी ऐन वेळी दगा देऊन पळाली होती. मग घरी सासूसासऱ्यांना मामी-मामाजी म्हणत बोलतो तसाच तो बोलायला लागला.

“लकव्यानं मामीचा उजवा हात गेला, तवापासून त्याईची वेनी मामाजी घालत. रोज सकायी, दार लावून. मी एकदा न विचारता आत गेलो, म्हून मले मालूम. पयले त्याईनं दोर वळल्यावानी घट्ट वळली, त मामी रडल्या. मंग लेकीच्या मांग बसून शिकले. लग्नाले जायचं असलं का खोपा घालून देत. आज मामी मोकळ्या केसानं बसल्या हायेत. लेकीले हात लावू देल्ला नाई.”

एवढं बोलून तो सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडला आणि खाली बसला. कोणी हसलं नाही.

घरी परतताना मात्र त्याचं त्यालाच कळेना की आपण हे काय करून बसलो. जे त्या माणसाने दार लावून केलं, ते आपण भर घाटावर चव्हाट्यावर मांडलं. मास्तर म्हणवतो आणि कुठे काय बोलावं याची अक्कल नाही. दारात कडुनिंबाचा पाला चावताना त्याला तो नेहमीपेक्षा जास्त कडू लागला.

सासूबाई, वच्छलाबाई, आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. बायका घाटावर जात नाहीत. त्यांनी त्याला जवळ बोलावलं.

“काय बोलले जवाईबापू?”

“बोललो आपलं. चांगलंच बोललो.”

“काय चांगलं?”

त्याच्या मनात आलं की सांगावं, लढाईचं बोललो. पण या बाईपुढे खोटं बोलणं त्याला जमेना. तो खाली मान घालून म्हणाला, “तुमच्या वेनीचं सांगतलं, मामी.”

“चार मानसात?”

“हो.”

“हसलं का कोनी?”

“माह्यावर हसले. त्याईच्यावर नाई.”

डाव्या हाताने वच्छलाबाईंनी कपाळावरचे केस मागे सारले. ते पुन्हा पुढे आले.

“बरं केलं,” त्या म्हणाल्या. “सकायपासून मले भेव वाटून राह्यलं होतं, का आता हे त्या दाराआडच राहून जाईन.”