छतावरचा चुकलेला तास

मी एक रेडिओच्या संदेशावर वेळ जुळवणारं गजराचं घड्याळ आहे, मित्रांनो. कॅल्गरीतल्या एका घरात पलंगाशेजारच्या टेबलावर बसतो आणि लाल उजेडाच्या आकड्यांनी छतावर वेळ लिहितो. गेल्या वसंतात माझ्यामुळे एका शहाण्या माणसाला वेडं ठरवायची वेळ आली. दोष माझा नव्हता. तो राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही, म्हणून सगळं सांगतो.

मला आणलं जनार्दन बाबांसाठी. बाबा नागपूरजवळच्या एका वीज केंद्रात शिफ्ट इंजिनिअर होते. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, मुलगा परीक्षित आणि सून अपूर्वाकडे राहतात. त्यांना कंपवात आहे. सकाळी अंग लाकडासारखं कडक होतं, मान वळत नाही. सातच्या ठोक्याला गोळी घ्यायची आणि ती लागू पडेपर्यंत पाऊण तास पडून राहायचं, असा डॉक्टरांचा नियम. मान न वळवता वेळ दिसावी म्हणून मी.

डिसेंबरात परीक्षितने मला खोक्यातून काढलं. सेल घातले, वायर जोडली. सोबतच्या पुस्तिकेचं पहिलं पान वाचलं आणि उरलेली पुस्तिका खणात टाकली. आधी त्याने मला लोखंडी दिव्याला खेटून ठेवलं, लोखंडामुळे तिथे मला रेडिओचा संदेश ऐकूच येईना. मग खिडकीजवळ सरकवलं. दूर कोलोरॅडोतल्या मनोऱ्यावरून येणारा वेळेचा संदेश त्या रात्री मला मिळाला आणि माझे आकडे सेकंदासकट जुळले. परीक्षितने इथला वेळेचा विभागही बरोबर निवडला. माझ्या पाठीवर मात्र एक बारीक खटका आहे, उन्हाळी वेळेचा. तो बंद होता. परीक्षितने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाकीचं ते ऑटोमॅटिक करेल."

हिवाळाभर माझं फार कौतुक झालं. बाबा अंधारात डोळे उघडायचे, छतावर सात दिसले की हात लांबवून गोळी घ्यायचे. "कुणाला विचारावं लागत नाही," असं ते नागपूरच्या मित्राला, चंद्रकांतकाकांना, फोनवर सांगायचे. पावणेआठला उठून स्वतः चहा करायचे.

मग मार्चचा तो रविवार आला. इथे त्या दिवशी उन्हाळ्यासाठी सगळी घड्याळं एक तास पुढे करतात. मनोऱ्याने मलाही कळवलं होतं. पण खटका बंद म्हणजे ती सूचना पाळायची नाही, असा माझा हुकूम. मला खरी वेळ माहीत होती आणि मी रोज खोटी लिहीत होतो. मित्रांनो, याहून मोठा अपमान घड्याळाचा होत नाही.

परीक्षित आणि अपूर्वा सातच्या आत कामाला निघून जात. माझ्या छतावर सात वाजत तेव्हा खरे आठ झालेले असत. रात्रीची गोळी घरच्या नव्या वेळेने आणि सकाळची माझ्या जुन्या वेळेने, त्यामुळे मधलं अंतर रोज तासभर वाढलं. हात जास्त थरथरायला लागले, पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले.

तिसऱ्या दिवशी ते संध्याकाळी म्हणाले, "परीक्षित, ते वरचं घड्याळ मागे आहे रे. स्टोव्हवरच्या घड्याळात नऊ असतात तेव्हा इथे आठ."

"बाबा, ते सिग्नलवर चालतं. ते चुकूच शकत नाही," परीक्षित खोलीत न येताच म्हणाला. "रविवारी टाइम बदलला ना, त्यामुळे तुम्हाला कन्फ्यूजन होतंय."

बाबांनी मान हलवली. मुलगा सांगतो म्हणजे आपलंच चुकत असेल, असं त्यांना वाटू लागलं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण मला आवाज आहे तो फक्त गजराचा.

दुसऱ्या आठवड्यात गोळीची वाट पाहता पाहता त्यांना वॉशरूमला जाणं भाग पडलं. दारातच ते कोसळले. चौकटीला धरून एकटेच उठले. संध्याकाळी कोपर काळंनिळं झालेलं अपूर्वाने पाहिलं.

"सकाळी किती वाजता पडलात, बाबा?"

"कुठल्या घड्याळाप्रमाणे सांगू?" त्यांनी विचारलं.

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. त्या रात्री ठरलं की बाबांच्या स्मरणशक्तीची तपासणी करून घ्यायची, आणि एक तारखेपासून गोळ्यांचा डबा कुलपात. सकाळी एक बाई येऊन गोळी देईल. ज्या माणसाने शहराला वीज पुरवली, त्याच्या हातून त्याची गोळी काढून घेणार होते.

दुसऱ्या सकाळी बाबांनी उशाशी वही घेतली. थरथरत्या अक्षरांत लिहिलं: 'अपूर्वा निघाली, छतावर पावणेसहा.' उठल्यावर स्टोव्हवरचे आकडे लिहिले, फोनवरचेही. पाच दिवस असंच. शनिवारी त्यांनी वही परीक्षितसमोर ठेवली.

"तू कंपनीत मीटर कॅलिब्रेट करतोस ना? दोन मीटर वेगळं दाखवतात तेव्हा मीटर तपासतात, बाळा. ऑपरेटरला वेड्यात काढत नाहीत."

परीक्षितने वही वाचली. उठून खोलीत आला, पडदे ओढले, हातातला फोन छतावरच्या आकड्यांशेजारी धरला. मग खणातून पुस्तिका काढली आणि अकरावं पान उघडलं. खटका सरकवला तसा मी एका क्षणात तासभर पुढे आलो.

"फालतू घड्याळ आहे. रिटर्न करतो," तो पुटपुटला.

"त्याला कशाला बोलतोस? तू सांगितलंस तेच त्याने केलं," बाबा म्हणाले. "मला मात्र तू विचारलंसुद्धा नाहीस."

परीक्षित खाली बसला. "चुकलं माझं, बाबा," एवढंच म्हणाला. अपूर्वाने त्याच दुपारी तपासणी रद्द केली आणि त्या बाईंना नको म्हणून कळवलं.

आठवड्याभरात बाबा काठी घेऊन ट्रेनच्या स्टेशनापर्यंत चालत जाऊ लागले.

मित्रांनो, माझी माफी कुणी मागितली नाही आणि मला ती नकोही आहे. यंत्र घरात आणलंत तर त्याची पुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचा. आणि घरातलं म्हातारं माणूस सांगत असेल की काहीतरी चुकतंय, तर आधी उठून त्याच्या खोलीत जा. परीक्षित आता रोज निघताना बाबांच्या दारात थांबतो आणि विचारतो, "बाबा, किती वाजले?" बाबा छताकडे पाहून सांगतात. तो मनगटावरच्या घड्याळाकडे न बघता बुटाची नाडी बांधतो आणि निघतो.