पाणी कट

माजिवड्याच्या काळुराम भोईरांनी तरुणपणी एकदा शरीरसौष्ठवाची स्पर्धा जिंकली होती. गावच्या तालमीने मैदानात बाकं जोडून व्यासपीठ केलं होतं. अंगाला खोबरेल चोपडायचं, लंगोट कसायचा आणि लोकांसमोर दंड फुगवून दाखवायचे, एवढीच तयारी. परीक्षक शाळेचे ड्रिल मास्तर. काळुराम सकाळी मिठागरात राबून, भाकरी-सुकट खाऊन थेट तिथे गेले होते. पुढे वजनी गट आले, संगीत आलं, बायकांचे गट आले. मिठागरं गेली, जमिनीवर टॉवर उभे राहिले. काळुरामांचा व्यायाम सुटला, पण स्पर्धा बघणं सुटलं नाही.

त्यांची सून कल्पिता बाळंतपणानंतर कंबरदुखीपायी घोडबंदर रोडच्या एका जिममध्ये जायला लागली आणि हळूहळू वजनांत रमली. तिने स्पर्धेत उतरायचं ठरवलं, तेव्हा सासू शकूने घर डोक्यावर घेतलं. घरची सून असल्या कपड्यांत चारचौघांत उभी राहणार? कल्पिताचा नवरा नयन दोघींच्या मध्ये पडला नाही. शकूने काळुरामांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, मी लंगोटावर उभा होतो ते बघूनच तू लग्नाला हो म्हणालीस. शकूने पुढे वाद घातला नाही, पण स्पर्धेलाही आली नाही.

स्पर्धा डोंबिवलीत होती. काळुराम रंगमंचामागे गेले, तेव्हा कल्पिता अंगभर तपकिरी रंग लावून खुर्चीत बसली होती. स्नायू कोरल्यासारखे दिसावेत म्हणून कोच विकीने कालपासून तिचं पाणी बंद केलं होतं. तिचे ओठ पांढरे पडले होते. नाव पुकारायची वेळ आली तशी ती उठली आणि भिंत धरून परत खाली बसली. पाच मिनिटांचा प्रश्न आहे, उभी राहील ती, असं विकी म्हणाला. काळुरामांनी पिशवीतून बाटली काढली.

"पी. मंग जा."

"पोट फुगलेलं दिसेल, बाबा."

"दिसू दे."

विकीने बाटलीला हात घातला, तसे काळुराम आडवे आले. या वयातही त्यांना बाजूला सारणं सोपं नव्हतं. कल्पिता बाटलीकडे बघत राहिली आणि मग घटाघटा प्यायली.

स्टेजवर ती डगमगली नाही. पाठ दाखवली तेव्हा शिट्ट्या वाजल्या. नंबर चौथा आला. बक्षिसं तिघींनाच होती. पाणी प्यायली नसती तर तिसरी आली असती, असं विकी म्हणाला. काळुरामांनाही ते खरं वाटलं.

परतताना गाडीत ती म्हणाली,

"चक्कर मला येत होती, बाबा. प्यायचं की नाही, ते मी ठरवलं असतं."

काळुरामांनी मान हलवली. तिचं म्हणणं त्यांना पटलं. तरी पुन्हा तशी वेळ आली तर आपण बाटली काढूच, हेही त्यांना ठाऊक होतं.

महिन्याभरात कल्पिताने विकीला सोडलं. पुढच्या स्पर्धेच्या वेळी तिने पाणी बंद केलं नाही आणि काळुरामांना रंगमंचामागे येऊही दिलं नाही. ते प्रेक्षकांत बसले. या खेपेला ती पाचवी आली. घरी येऊन भरपेट जेवली आणि दुसऱ्या दिवशी जिमला गेली.