मांडवात धवला कोण म्हणणार?

एकसष्ट सालचा वैशाख. बोनकोडे गावात पुतळाच्या अंगणात हळद कुटणं चाललं होतं. संध्याकाळी तिच्या चंदाचं लग्न. पुतळा चौथी शिकलेली. वर्षभर ओटीवर गावच्या बायकांना अक्षरं शिकवायची आणि ‘मास्तरणीला रांधता येत नाय’ म्हणणाऱ्या सासूला रोज खोटं पाडायची.

गावकीचा पंच वामन अंगणाच्या कुडाबाहेरच थांबला.

“पुतळे, बायांचा वर्ग बंद कर.”

“काय बिघरला, वामनदादा?”

“गोजरा रांडमुंड बाय. भर बैठकीत दिराकरं जमिनीचा वाटा मागला तिनं. तूच शिकवलास.”

“मी निसता क, ख शिकवला. वाटा तिला आधीच ठाव व्हता.”

“जीभ आवर! वर्ग चालू, तर घर वाळीत. धवलारीन मांडवात येनार नाय.”

तो गेला आणि पुतळानं मुसळ खाली ठेवलं. आगऱ्यांचं लग्न भटजीवाचून लागतं. धवले गाणाऱ्या धवलारणीवाचून नाही. आणि वाळीत टाकणं म्हणजे काय, ते गावानं पाहिलं होतं. वाळीत टाकलेल्या गोटीरामनं आईचं प्रेत एकट्यानं बैलगाडीत घालून नेलं होतं. एक दार उघडलं नव्हतं.

“जा, पाया पर त्याच्या,” नवरा देवजी रडकुंडीला आला. “वऱ्हार परत गेला तर पोरीचा काय?”

पुतळा उठली. कुडापाशी थांबली. हळदीनं माखलेली चंदा दारातून बघत होती. तीही रात्री ओटीवरच अक्षरं शिकली होती.

“आये, गोजराकाकीला काय सांगशील?”

पुतळा माघारी वळली. “वर्ग बंद नाय व्हनार,” ती म्हणाली, आणि स्वतःच्याच आवाजाला दचकली.

वऱ्हाड आलं. धवलारीण आली नाही, गावातलंही कुणी आलं नाही.

“धवलारीन कुठं हाय?” व्याह्यानं विचारलं. तेव्हा पुतळानंच पहिली ओळ धरली. धवल्याची ओळ दुसरीनं मागून म्हणायची असते. मांडव गप्प राहिला.

कुडाबाहेरून ओळ परत आली. गोजरा होती. विधवेनं मांडवाच्या सावलीतही येऊ नये, अशी रीत.

“आत ये, गोजरा,” पुतळा म्हणाली.

व्याही उठला. त्यानं देवजीकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं. पागोटं नीट केलं आणि पुन्हा खाली बसला.

लग्न लागलं, दोघींच्या फाटक्या आवाजात. आजूबाजूच्या बंद दारांमागे गावच्या बाया श्वास रोखून ऐकत होत्या. धवले त्यांतल्या प्रत्येकीला पाठ होते.