पाच हजारांचं कुलूप

मार्लिसचे वरचे पुढचे दात आणि काही दाढा जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून ती हसताना तोंडावर हात धरायची. मक्याचं कणीस सुरीने खरवडून दाणे चमच्याने खायची. ऑगस्टमध्ये, ओहायोत, मक्याच्या ऐन हंगामात असा मका खाणारं माणूस बघवत नाही. वेंडेलला रोज बघावं लागत होतं, कारण हाडात बसवायच्या महागड्या दातांसाठी साठवलेले पैसे त्यानेच शेअरमध्ये घातले होते.

चोरून नव्हते घातले. स्वयंपाकघरात बसून तिला सगळं समजावलं होतं. बेलफोर्ड ही फर्निचरची जुनी दुकानं. त्यांचा पहिला सोफा तिथलाच. दुकानं बुडणार अशी न्यूयॉर्कच्या बड्या फंडवाल्यांनी पैज लावली होती.

"ते शेअर उसने घेतात आणि लगेच विकून टाकतात," वेंडेल म्हणाला होता. "भाव पडला की स्वस्तात घेऊन परत करायचे. मधला पैसा खिशात."

"आणि नाहीच पडला तर?"

"मग बोंबलले! उसनं आणलेलं परत तर करावंच लागतं. मिळेल त्या भावाला घेत सुटतात, त्याने भाव आणखी चढतो. आपण फक्त धरून बसायचं."

"कुठवर?"

"तीसपर्यंत. तीस डॉलर झाला की विकायचा. तुझे सगळे दात आले म्हणून समज."

"तीसला नक्की विकशील?"

"देवाशपथ."

बारा डॉलरला साडेसातशे शेअर घेतले आणि भाव चारवर येऊन बसला. पहिले काही महिने वेंडेल चिडला, मग त्याने आशा धरली, मग नुसता थकला. टायरच्या गोदामातून घरी आलं की बूट काढायच्या आधी तो फोनवर बेलफोर्डचे शेअर घेतलेल्यांचा ग्रुप उघडायचा. हजारो माणसं रोज 'धरून आहे' असं लिहून हजेरी लावायची. तोही लावायचा. न लावावी तर आपण फितूर झालो असं त्याला वाटायचं, आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाला असं वाटावं याची त्याला लाजही वाटायची.

या ग्रुपात त्याला ओढलं ते गोदामातल्या ऑरिनने. कुलूपही त्यानेच शिकवलं.

"आपला दलाल आपलेच शेअर त्या फंडवाल्यांना उसने देतो," ऑरिन म्हणाला होता. "तू आजच विक्रीची ऑर्डर टाकून ठेव, पाच हजार डॉलरला. विकायला मांडलेला माल त्याला उसना देता येत नाही. लागलं कुलूप!"

हे खरं की खोटं, कोणी तपासलं नव्हतं. सगळे करत होते म्हणून वेंडेलने केलं. ती ऑर्डर तीन महिन्यांनी आपोआप संपायची आणि तो न चुकता नवी टाकायचा. देवळात नेमाने दिवा लावावा तसं.

मग एका मंगळवारी मुकादमाने त्याला ऑफिसात बोलावलं. कामाच्या वेळी फोन लॉकरमध्ये ठेवावे लागत, म्हणून मार्लिसने ऑफिसच्या नंबरवर फोन केला होता.

"वेंडेल, एकतीस! टीव्हीवर दाखवतायत!"

त्याने टेबलाची कड धरली. "विक. सगळे विक."

"विकतेच आहे. हे अ‍ॅप म्हणतंय, विकायला शेअर शिल्लक नाहीत."

"असं कसं होईल? नीट बघ."

"नीटच बघतेय." मग तिचा आवाज उतरला. "तू आधीच विकलेस का रे? खरं सांग, मी ओरडणार नाही."

"नाही गं!" आणि त्याच क्षणी त्याला आठवलं. "खाली एक जुनी ऑर्डर असेल. पाच हजारांची. त्यात अडकलेत ते."

"एका शेअरला पाच हजार? अरे, अख्खा सोफा नऊशेला आणला होता आपण!"

"मार्लिस, आधी ती रद्द कर."

"केली. नुसतं गोल गोल फिरतंय."

त्या दिवशी सगळा देशच त्या एका दलालाकडे धावला होता. यंत्रणा कशाला दाद देते! मार्लिस भाव वाचत राहिली. चौतीस. सव्वीस. एकोणीस. मुकादम घड्याळाकडे बघत खाकरला. चक्र थांबलं तेव्हा भाव सातवर आला होता.

"सुटले! आता विकू?"

"थांब जरा," वेंडेलच्या तोंडून निघून गेलं. "परत चढेल."

इतके दिवस 'धरून आहे' म्हणणारी जीभ ती, दुसरं काय बोलणार? संध्याकाळी भाव पाच होता.

मार्लिसने मऊ शिजवलेल्या शेवया आणि कणसं टेबलावर ठेवली. भांडली असती तर बरं झालं असतं. तेवढ्यात ऑरिनचा फोन आला.

"तू विकले नाहीस ना? शाब्बास! ग्रुपवर न विकणाऱ्यांचा जयजयकार चाललाय!"

"मी विकत होतो, ऑरिन. तुझ्या कुलपाने अडवलं."

"हे ग्रुपवर लिहू नकोस हं. लोकांचा धीर सुटेल."

"तू विकलेस का?"

"माझी ऑर्डर गेल्या महिन्यात संपली होती," ऑरिन चाचरत म्हणाला. "नवी टाकायचा कंटाळा केला."

वेंडेलने फोन ठेवला आणि ग्रुपवर जे झालं ते जसंच्या तसं लिहिलं. उत्तरं मार्लिसनेच वाचली.

"'फंडवाल्यांनी किती चारले रे तुला?'" तिने मोठ्याने वाचलं, आणि तिला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. तोंडावर हात धरायचं तिला भानच राहिलं नाही. ती मोकळी फट बघताना वेंडेलला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उद्या सकाळी मी विकणार," ती डोळे पुसत म्हणाली. "तुला विचारणार नाही. किती दातांचे येतील?"

"एकाचे." तो मान खाली घालून म्हणाला. "दाढ बसवून घे. निदान नीट चावता येईल."

"दाढ नको, पुढचा. एक तर एक. मला कणीस हातात धरून खायचंय."

वेंडेलच्या हातात त्याचं कणीस होतं, निम्मं खाल्लेलं. दोन वर्षं तो तिच्यासमोर बसून असाच खात आला होता. त्याने ते ताटात ठेवलं आणि सुरी मागितली.