माझा आवाज खणखणीत होता

मी रहाटणीतल्या रणजीतच्या दुकानातला होम थिएटर बोलतोय. बोलतोय कसला, कुजबुजतोय. माझ्या अंगावर 'खराब' अशी चिठ्ठी चिकटवलेली आहे आणि शेजारी विक्कीची रिकामी गोणी पडली आहे. विक्की म्हणजे रिपेअरिंगवाला. तो आला की स्क्रू-ड्रायव्हर काढतो, माझ्यासारख्याला उघडतो आणि कामाचं तेवढं काढून घेऊन बाकीचं गोणीत टाकतो. शटर जरा वाजलं तरी मला वाटतं, तोच आला.

भित्रा मी पहिल्यापासूनच. एक मोठा खोका आणि दोन छोटे स्पीकर, एवढाच माझा संसार. कुठल्याशा कारखान्यात पट्ट्यावर माझी जुळणी झाली, पण ते नीटसं आठवत नाही. आठवतं ते हे दुकान. रणजीतने मला डेमोला लावलं आणि माझे हाल सुरू झाले. येईल तो माझं बटण पिळायचा.

माणसं होम थिएटर कसा निवडतात, ते मी जवळून पाहिलंय. खोक्यावरचे वॉट वाचतात, दिवे लुकलुकतात का बघतात, मेव्हण्याला फोन लावतात आणि शेवटी जो सगळ्यात मोठ्याने ओरडेल तो घेतात. शटर सताड उघडं, बाहेर काळेवाडीकडे जाणारं ट्रॅफिक, आणि त्यात आमची परीक्षा. आपल्या घरातली खोली केवढी आहे, हे दुकानात कुणालाच आठवत नाही.

दिवाळीच्या तोंडावर ज्योतीराम आला. लातूरकडचा माणूस, चाकणला प्रेस शॉपमध्ये कॉन्ट्रॅक्टवर कामाला. पत्र्याला आकार देणाऱ्या त्या अवाढव्य प्रेस दिवसभर धाड धाड आपटत असतात म्हणे. बरोबर बायको दीपमाला आणि त्याच्या लाइनचा सुपरवायझर सुजित. सुजितला साउंडमधलं कळतं, असं सुजितचंच म्हणणं होतं.

"घरच्या टीव्हीचा आवाजच मेलाय हो," ज्योतीराम म्हणाला. "बातम्यात काय सांगतेत, कळंनाच. दहा हजाराच्या आत काय बसतंय का बघा."

"पाच स्पीकरवाला बसणार नाही, दादा. हा डेमोचा पीस आहे, स्वस्तात देतो. आठवडाभर वाजवून बघा, नाही पटला तर आणून द्या," रणजीत म्हणाला.

मला लावलं. सगळे कान देऊन उभे राहिले. ज्योतीरामने मात्र पुढे होऊन माझ्या डोक्यावर तळहात ठेवला. मी टरकलोच. पण तो मारायला आला नव्हता. डोळे मिटून तो माझी थरथर तपासत होता.

"प्रेस बरोबर बसायली का, हे आमाला हातालाच कळतंय," तो म्हणाला. "ह्याच्यात दम हाय. हाच घेऊ."

सुजित हसला. "घे घे, ऐकून घे भावा. पुढच्या महिन्यात कंपनीत कान तपासायला डॉक्टर येतायत. नापास झाला तो प्रेसवरून बाहेर, आणि कॉन्ट्रॅक्टवाला असला तर सरळ घरी."

सगळे हसले. ज्योतीरामही हसला, पण जरा उशिराने, सगळ्यांची तोंडं बघून. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्यांच्या घरी दीपमालाने मला टीव्हीखाली बसवलं, वर क्रोशाचा रुमाल टाकला. मला वाटलं, सुटलो. संध्याकाळी मालिका लागली. माझ्यातून आलेल्या एकेका वाक्यावर ती पदराने डोळे पुसत होती. ज्योतीराम मात्र विचारत होता, "काय म्हणली ती?" तो बटण पिळत गेला. मांडणीवरची भांडी थरथरली, शेजाऱ्यांनी भिंतीवर थापा मारल्या.

"नुसता गुंगाट हाय," तो वैतागला. "शब्द कुठंय ह्यात? परत देऊन टाकू."

परत! परत गेलेल्या डेमोच्या पीसला पुन्हा शोकेस नसते.

दुसऱ्या संध्याकाळी मी बंद होतो. तो माझ्यापुढे बसून मागच्या वायरी हलवून बघत होता. दीपमाला चहा घेऊन आली. "अहो, चहा." त्याने मान वळवली नाही. ती त्याच्या पाठीशी येऊन उभी राहिली. "अहो." काही नाही. मग तिने जे कधी केलं नव्हतं ते केलं. अगदी हळू आवाजात त्याचं नाव घेतलं, "ज्योतीराम."

तो वायरीच चाचपत राहिला.

तिने कप जमिनीवर ठेवला. ती तिथेच खाली बसली. सुजितचं कान तपासणीचं बोलणं तिला आठवलं असणार. मी जन्मभर घाबरत आलोय, पण तिच्या चेहऱ्यावर जी भीती होती तिच्यापुढे माझी काहीच नव्हे. मग तिने कप त्याच्या पुढ्यात सरकवला.

रविवारी तिघांनी सुजितच्या गाडीतून मला परत आणलं. रणजीतने बातम्या लावल्या. जीव वाचवायचा म्हणून मी सगळी ताकद लावली. एकेक शब्द खणखणीत. वाटलं, आता कोण मला खराब म्हणतो ते बघू. किती मूर्ख मी!

"एवढं क्लिअर तर आहे, राव," सुजित म्हणाला, आणि ज्योतीरामकडे रोखून बघायला लागला. "तुला ऐकू येत नाही की काय रे?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी जितका स्पष्ट वाजत होतो, तितका तो माणूस उघडा पडत होता. एकदा तरी खरखरावं म्हणून मी जिवाचा आटापिटा केला. नाही जमलं. मला जे देतात तेच मी वाजवतो.

"खराबच आहे तो," दीपमाला एकदम म्हणाली. "मलापण घरी एक शब्द कळला नाही."

माझ्या एकेका शब्दावर रडलेली बाई! ऐन दिवाळीत गिऱ्हाइकाशी वाद नको, म्हणून रणजीतने पैसे परत केले आणि चिठ्ठी चिकटवली. "विक्की उघडून बघेल," एवढंच बोलला.

सुजित गाडी काढायला बाहेर गेला. दीपमाला नवऱ्याच्या समोर येऊन उभी राहिली आणि सावकाश म्हणाली, "टीव्ही चांगला आहे. हापण चांगला आहे. उद्या सुट्टी टाका, कान दाखवायला जाऊ."

तो तिच्या ओठांकडे बघत होता. "आन् कंपनी?"

"कंपनीचं मागून बघू. आधी तुम्ही."

त्याने जाता जाता माझ्यावर तळहात ठेवला. मी बंद होतो, तरी थरथर होती. ती त्याच्या हाताची होती. "मशीन चांगलं हाय," तो पुटपुटला.

त्यानंतर ती दोघं आली नाहीत. त्याच्या कानाचं काय झालं, नोकरी राहिली का, मला कुणी सांगितलं नाही. आता शटर वर जातंय. विक्कीच असेल. मला फार भीती वाटते, पण घाईघाईने एक सांगून ठेवतो. तुमच्या घरात कुणी सारखा टीव्हीचा आवाज वाढवत असेल, तर दुकानात यायच्या आधी त्याच्या पाठीमागे उभे राहा आणि हळूच नावाने हाक मारा. त्याने वळून पाहिलं, तर खुशाल या आणि माझ्या भावंडांपैकी एखादा घेऊन जा. नाही पाहिलं, तर पुढे जाऊन त्याचा हात धरा.