उपाशीपोटी

आशाबाईनं काकासाहेबांची चिठ्ठी गठ्ठ्याच्या वरून काढली आणि सगळ्यात खाली घातली.

चिकलठाण्याच्या कारखान्यांसमोरच्या त्या लहानशा लॅबमध्ये रक्त काढायचं काम तिचंच. सकाळी आठलाच ती चिठ्ठी देऊन बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यानं तिला ओळखलं नव्हतं. तिनं त्याला दारातच ओळखलं. सोळा वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या नावावरून गावं पेटली, तेव्हा गंगापूरकडच्या आशाबाईच्या दलित वस्तीला पहिली काडी यानंच लावली होती. तिची दहावीची पुस्तकं त्यात गेली. बाप, मोतीराम, पुढं शहरात हमाली करून मेला. आता विद्यापीठाला नाव लागून महिना झाला होता, आणि काकासाहेबांच्या पायाची जखम भरत नव्हती.

डॉक्टरांनी तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी लिहून दिली होती. त्या तपासणीसाठी उपाशी राहावं लागत नाही, हे आशाबाईला पाठ होतं. तिनं सांगितलं नाही. बसू दे मेल्याला उपाशी.

“बाई, माझा नंबर?”

“बसा.”

एक वाजला. बाक रिकामा झाला. म्हाताऱ्याला दरदरून घाम फुटला होता.

“साखरेची गोळी घेतली सकाळी?”

“घेतली की. दोन दिसांपासून निसतं कारल्याचं पाणी पितोय. साखर कमी दिसली पायजे, नायतर डाक्टर पाय कापायचं म्हणतो.”

“दोन दिवसांनी काही होत नाही. तीन महिने काय खाल्लं ते यात दिसतं.”

तिनं सुई टोचली. नळी भरली तशी साखर उतरून म्हाताऱ्याची मान कलली. तिचं काम झालं होतं. जेवायला निघून गेली असती तर कुणी विचारलं नसतं. ती जरा वेळ नुसती बघत उभी राहिली. तिला बरं वाटलं.

मग स्वतःलाच शिव्या घालत तिनं चहाची साखर आपल्या पेल्यातल्या पाण्यात ढवळली आणि पेला त्याच्या तोंडाला लावला. अर्धा पेला त्यानं घटाघटा संपवला. डोळे उघडले.

“लई उपकार झाले. कुणाची गं तू?”

“मोतीरामची. तुम्ही जाळली त्या वस्तीतली.”

पेला ओठांशीच थांबला. या माणसानं उभ्या जन्मात त्यांच्या वस्तीतलं पाणी शिवलं नव्हतं.

“प्या. अर्ध्यानं भागायचं नाही.”

काकासाहेबांनी दाराकडं पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. त्यांनी खाली मान घालून पेला रिकामा केला.

“रिपोर्ट संध्याकाळी मिळेल. तीन महिन्यांनी परत यावं लागेल, माझ्याकडंच. आणि जेवून या. या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही.”

म्हातारा भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिला.

“मंग सकाळीच का नाय सांगितलं?”

आशाबाईनं पेला विसळला, माठावर पालथा घातला.

“सांगणार नव्हते,” ती म्हणाली.