फुंकरकाकांचा मेलेला मासा

फुंकरकाकांच्या दिवाणखान्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती. माणसं सोफ्यावर, सोफ्याच्या हातांवर, जमिनीवर आणि उरलेली जिन्यात. सगळ्यांचे डोळे भिंतीलगतच्या काचेच्या टाकीवर. टाकीत एक लाकडाचा ओंडका आणि त्याखाली बोटभर मासा, मिशाळ, ठिपक्याठिपक्यांचा, पोट वर करून पडलेला. वर ट्यूबलाइट लखलखत होती आणि मासा हूं की चूं करत नव्हता.

"नीट बघून घ्या," काका म्हणाले. "मागाहून म्हणाल, काकांनी फसवलं. मेलाय की नाही?"

"मेलाय!" अख्खी खोली म्हणाली.

काकांनी टाकीवर चादर टाकली, पडदे ओढले, ट्यूबलाइट घालवली आणि कोपऱ्यातला मिणमिणता लाल दिवा लावला. "प्राण लाजाळू असतो हो. उजेडात परत येत नाही." मग त्यांनी सात वनस्पतींची म्हणून कसलीशी पूड पाण्यात सोडली आणि काचेवर तीन फुंकरा मारल्या. काका पूर्वी घरोघरी पाणी शुद्ध करायची यंत्रं विकत. तोंडाचा पट्टा तेव्हापासूनचा. प्राणाच्या प्रवासावर ते बराच वेळ बोलले. प्राण कदाचित आधीच येऊन ताटकळला असेल, पण काकांना थांबवणार कोण? शेवटी चादर उचलली, तर मासा टाकीभर हिंडत होता. पोट वर करूनच, पण हिंडत होता.

"उलटा का पोहतोय?" मागून कुणीतरी विचारलं.

"वरून आलाय ना आत्ता. दिशा लागायला वेळ लागतो."

हे सगळ्यांना पटलं. पुढे बसलेल्या एका वहिनीच्या तर डोळ्यांत पाणी आलं. शेजारी तिची नणंद बसली होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि वहिनीच्या काळजीपोटी मुद्दाम आली होती. वहिनीनं फिटच्या गोळ्या बंद केल्या होत्या. ज्याच्या अंगात औषध, त्याला फुंकर लागू होत नाही, असं काकांचं म्हणणं होतं.

"वन्सं, शाळेत होते तेव्हापासून गिळतेय त्या गोळ्या," घरी जाताना वहिनी म्हणाली. "कंटाळा आलाय मला. मेलेला मासा उठतो, मग माझंच डोकं का बरं होणार नाही?"

घरी पोचल्यावर नणंदेनं गोळ्यांची डबी वहिनीच्या ताटाशेजारी ठेवली; वहिनीनं ती परत फडताळात टाकली.

त्याच आठवड्यात दूध तापवताना वहिनीला फिट आली आणि उजवा हात मनगटापर्यंत भाजला. काकांनी निरोप पाठवला, "आजार बाहेर पडतोय, शुभ लक्षण आहे." नणंदेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक काकांकडे गेली, पण भांडली नाही. निरोपाबद्दल आभार मानायला आलेय म्हणाली आणि टाकीला नाक लावून उभी राहिली. मेलेल्या माशाचे कल्ले छान उघडझाप करत होते. पुडीच्या डबीला वाळक्या कोळंबीचा वास येत होता.

तिथून ती मासे विकणाऱ्या दुकानात गेली. तिथल्या एका टाकीत असेच सहा मासे मरून पडले होते आणि दुकानदार बिनदिक्कत ते विकत होता. तिनं एक घेतला, एक छोटी टाकी घेतली, आणि मासा नव्या घरात रुळल्यावर वहिनीला समोर बसवलं.

"वहिनी, घाल चादर. मार फुंकर."

वहिनीनं भीतभीत मारली. दोघींनी अंधार करून मिणमिणता दिवा तेवढा ठेवला, थोडं थांबल्या, चादर काढली. मासा हिंडत होता.

"अगंबाई! मला सिद्धी आली की काय?"

"आली. आता फुंकर न मारता कर."

मासा तरीही हिंडला. मग नणंदेनं ट्यूबलाइट लावली आणि म्हणाली, "आता मार." मासा ओंडक्याखाली गेला तो गेलाच. वहिनीनं दम लागेस्तोवर फुंकलं. मग ती खाली बसली, भाजलेल्या हाताकडे बघितलं आणि हमसून हमसून रडली. "फुकट भाजून घेतला हो मी हात." नणंदेनं तिला जवळ घेतलं आणि दोघी आधी डॉक्टरांकडे गेल्या.

पुढच्या बैठकीला काका आतल्या खोलीत भांग पाडत होते, तेवढ्यात वहिनीनं पडदे ओढले, ट्यूबलाइट घालवून लाल दिवा लावला, चादर टाकली. लोकांना वाटलं, सेवेकरी असेल. बऱ्याच वेळानं काकांनी येऊन चादर उचलली. मासा हिंडत होता. काका क्षणभर गडबडले, पण कसलेले विक्रेते.

"पाहिलंत? आज नुसत्या माझ्या चाहुलीनं उठला!"

लोक भारावले. वहिनीनं ट्यूबलाइट लावली. मासा सर्रकन ओंडक्याखाली जाऊन पोट वर करून स्तब्ध झाला.

"काका, आता कुणी मारला?"

काकांनी गर्दीवर नजर फिरवली. मग म्हणाले, "खोलीत कुणीतरी अश्रद्ध—"

"बटण मी दाबलं," वहिनी म्हणाली. "पुन्हा घालवते. थोडं थांबा, म्हणजे पुन्हा उठेल."

आणि मासा उठला. नणंदेनं सांगितलं, ही माशांची एक जातच आहे. दिवसा आडोशाला निपचित पडते, अंधार झाला की खायला बाहेर पडते, आणि मोठी झाली की उलटीच पोहते. पुडीत वनस्पती नाहीत, कोळंबी आहे. मासा मेलाच नव्हता, तर जिवंत कसा करणार?

पुढच्या रांगेतले एक आजोबा चाचरत म्हणाले, "पण मी इन्सुलिन सोडलंय... परवापासून."

काका टाकीकडे बघत राहिले. वहिनीनं पट्टी बांधलेला हात वर केला, सगळ्यांना दिसेलसा.

"मीही गोळ्या सोडल्या होत्या. हा हात बघा. माझं हातावर निभावलं, तुमचं निभावेल असं नाही. कुठलाही चमत्कार दिसला तर आधी दिवा लावून बघा, आणि औषध सोडायचं की नाही ते डॉक्टरांना विचारा, माशाला नाही. उठा आजोबा, दवाखाना अजून उघडा आहे. मी येते तुमच्याबरोबर."

आजोबा उठले. त्यांच्यामागून आणखी तिघं उठली.